अपेक्षित उपज

सत्यशीला वाघमारे नांदेडच्या एका अनुदानित शाळेत संगीत शिकवतात, असं शाळेच्या कागदोपत्री म्हटलेलं होतं. खरं म्हणजे त्या स्वागतगीत बसवत. शिक्षणाधिकारी आले की स्वागतगीत. संस्थेचे अध्यक्ष आले की स्वागतगीत. एकदा शाळेच्या नव्या बोअरचं उद्घाटन होतं, तेव्हा बोअर मारणाऱ्या कंत्राटदारालाही स्वागतगीत मिळालं. चाल वर्षानुवर्षं तीच, फक्त पाहुण्यांचं नाव बदलायचं. आडनाव लांब निघालं की शेवटच्या ओळीला पोरी धापा टाकत. बाईंनी संगीतात एम. ए. केलेलं होतं, तेही प्रथम श्रेणीत. पण सगळे त्यांना ‘स्वागतगीताच्या मॅडम’ म्हणूनच ओळखत, आणि हे त्यांच्या मनाला लागून राहिलेलं होतं.

शनिवारचा शेवटचा तास मात्र त्यांचा स्वतःचा होता. सकाळची शाळा सुटायला आलेली असे, मुख्याध्यापकांनी स्कूटरला किक मारलेली असे. तेव्हा बाई हार्मोनियम वर्गाच्या मधोमध मांडत आणि आठवीच्या पोरांना म्हणत, “फक्त काळ्या पट्ट्या. पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीन हे आपलं घर. घरातून निघायचं, हवं तिथं भटकायचं आणि परत घरी यायचं.”

काळ्या पट्ट्या पाचच. काळी तीनला सा धरला की त्या पाचांत भूप राग आपोआप येतो. कशाही मागं काहीही दाबा, कानाला खटकत नाही. ज्या पोराला जन्मात सूर सापडला नव्हता त्याच्या बोटांतूनही काहीतरी गोड निघे आणि ते पोरगं स्वतःच्याच हाताकडं टकामका बघत राही. मग एकानं सूर टाकून प्रश्न विचारायचा, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. मग त्या सुरांवर शब्द बसवायचे. अर्धापूरहून येणाऱ्या एका पोरानं ‘केळीचा घड, उचलायला जड’ अशी चाल बांधली होती आणि सगळी शाळा आठवडाभर तीच म्हणत होती. ऐन क्षणी मनातून जे उगवतं त्याला गाण्यातले लोक ‘उपज’ म्हणतात. बाई पोरांना सांगत, “ही तुमची उपज. मी दिलेली नाही.” हे सांगताना त्यांच्या आवाजात जरा जास्तच मोठेपणा येई, पण पोरांना ते कळत नसे.

या प्रयोगावर त्यांनी शिक्षकांच्या एका मासिकात लेख लिहिला. लेखाशेजारी तिकिटाएवढा फोटो आला. नवरा देविदास रेल्वेच्या विभागीय कार्यालयात होता, त्यानं ते पान लॅमिनेट करून आणलं. पुढं दोन वर्षं त्या लेखाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मग लातूरहून फोन आला.

“मॅडम, मी प्राध्यापक होळकुंदे बोलायलो. शिखरवेध अकॅडमी. तुमचा लेख वाचला. म्हंजे आमच्या रिसर्च टीमनं वाचला.”

बालाजी होळकुंदे एका कॉलेजात तीन वर्षं फिजिक्स शिकवून बाहेर पडलेले होते, ‘प्रा.’ तेवढं सोबत घेऊन आले होते. आता त्यांची लातुरात चार मजली इमारत होती, तिच्यावर तेवढ्याच मापाचा त्यांचा फोटो होता, आणि डॉक्टर-इंजिनियर होऊ पाहणारी पोरं त्या फोटोखालून रांगेनं आत जात.

“आता कलेलाबी गुण येणारेत म्हणं,” होळकुंदे सर म्हणाले. “कोण म्हणतं, कधी येणार, ते कोणाला ठाव न्हाई. पण पालक लई घाबरलेत. मार्केटमधी सर्जनशीलतेचा क्लास कुणाचाच न्हाई. आपण आठवीचं फाउंडेशन सुरू करू. तुमी एचओडी.”

बाईंना आयुष्यात कोणी कशाचंही प्रमुख केलेलं नव्हतं. त्यांनी विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवायच्या आत हो म्हटलं.

“क्लासवाल्यांकडं काय जातीस?” देविदास म्हणाला. “तिथं पोरं शिंकायच्या आधीबी सरांना विचारतेत.”

“म्हणूनच जायला पाहिजे,” बाई म्हणाल्या. त्यांना ते वाक्य इतकं आवडलं की रविवारी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातुरात पोचेपर्यंत त्या ते मनात घोळवत होत्या.

अकॅडमीच्या हॉलमध्ये आठवीची पोरं बाकांवर शिस्तीत बसलेली होती. प्रत्येक दोघांत एक नवा कोरा कॅसिओ. बाईंनी जवळ जाऊन पाहिलं तर सगळ्या कॅसिओंच्या पांढऱ्या पट्ट्या लाल चिकटपट्टीनं पक्क्या बंद केलेल्या.

“हे काय?”

“तुमीच लेखात लिहिलंय की, पांढरीला हात लावायचा न्हाई,” होळकुंदे सर हसून म्हणाले. “मी म्हटलं, चुकायची सोयच ठेवायची न्हाई. आमच्याकडं असंच असतंय, मॅडम.”

बाईंना ते खटकलं. पण एवढे कॅसिओ आपल्या एका लेखावरून कोणी विकत आणावेत, हेही त्यांना भारी वाटलं. भारी वाटणं जिंकलं.

त्यांनी नेहमीचं सांगितलं. घर, भटकणं, परत येणं. मग पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या पोराला म्हणाल्या, “हं, वाजव.”

“काय वाजवू?”

“तुला वाटेल ते.”

पोरगं घामाघूम झालं. “मॅडम, बरोबर कोणतंय?”

“कोणतंही बरोबर आहे.”

आजवर त्या हॉलमध्ये असं बेजबाबदार वाक्य कोणी उच्चारलेलं नव्हतं. मागून एक पोरगी उठली. “कोणतंबी बरोबर असंल तर मॅडम, रँक कशी काढणार?”

बाईंनी मग शब्दांपासून सुरुवात केली. स्वतःच्या मनातली एक ओळ लिहा, तिला चाल लावा. पोरांनी माना खाली घालून लिहिलं. ‘वेळेचे महत्त्व’ सात जणांच्या मनातून निघालं, ‘झाडे लावा’ पाच जणांच्या, आणि एकाच्या मनातून न्यूटनचा तिसरा नियम निघाला. बाईंना रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका पोरीनं हात वर केला.

“मी वाजवू का? माझं जरा खराबय.”

तिचं नाव राजकन्या. किनवटकडच्या इस्लापूरची. बापानं फाउंडेशनसाठी लातूरच्या होस्टेलात आणून टाकलेली. ती कॅसिओवर वाकली, काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवली आणि म्हणाली, “वरण पातळ, वरण पातळ, तळाला दिसते माझंच तोंड.” ‘तोंड’ वर तिनं सूर असा काही खाली सोडला की वाटीत डोकावल्यासारखंच वाटलं. होस्टेलची सगळी पोरं बाक बडवून हसली. मग कुणी चपातीवर बांधलं, कुणी आंघोळीच्या रांगेवर. चष्मेवाल्यानं पहाटेच्या गजरावर बांधलं, आणि त्याची चाल शेवटी घरी परत आलीच नाही, कारण गजर बंद होत नव्हता म्हणे. अर्धा तास त्या हॉलमध्ये नुसता धुडगूस होता. बाईंचा घसा बसला, केस विस्कटले, आणि त्या मनातून तुडुंब झाल्या.

भिंतीवर कॅमेरे होते. खाली केबिनमध्ये होळकुंदे सर सगळं बघत होते.

“मॅडम, पोरं खूश झाली. चांगलंय,” चहा पुढं सरकवत ते म्हणाले. “आता नोट्सचं बोलू.”

“त्याच तर शिकवते मी. पाच नोट्स.”

“त्या न्हाई. छापायच्या नोट्स. ‘अपेक्षित उपज’. मॉडेल आन्सर.”

बाई हसल्या. सर हसले नाहीत.

“अहो सर, उपज लिहून देता येत नाही. ती त्या वेळी सुचते.”

“आणि न्हाई सुचली तर? पालक मला विचारणार. मॅडम, मी खेड्यातून आलोय. मला कुणी कधी काय सुचू दिलं न्हाई, आणि माझं काय अडलं? जे सुचायचंय ते आदल्या दिवशी सुचून ठेवलं तर बिघडतंय कुठं?”

याला काय उत्तर द्यावं ते बाईंना सुचलं नाही. उपजेच्या एचओडी होत्या तरी.

मग सरांनी टेबलाच्या ड्रॉवरमधून फ्लेक्सचा नमुना काढला. त्यावर बाईंचा फोटो. तिकिटाएवढा नव्हे, चांगला परातीएवढा. खाली ‘मराठवाड्यातील एकमेव उपज-तज्ज्ञ’. बाईंनी तो नमुना हातात घेतला. “निळी साडी घालून दुसरा काढला असता तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. तिथं सगळं ठरलं.

घरी येऊन त्यांनी उपजा लिहायला घेतल्या. देविदासनं विचारलं, तेव्हा “ही नुसती उदाहरणं आहेत” असं म्हणाल्या. उदाहरणं चांगली पन्नासभर झाली. प्रत्येक उपजेला क्रमांक पडला, काठिण्यपातळी पडली. मग अकॅडमीच्या स्टुडिओत त्या सगळ्या वाजवून घेतल्या गेल्या. स्टुडिओला नुकताच रंग दिलेला होता. सातव्या उपजेत, तिसऱ्या ओळीनंतर, बाईंना दोनदा खोकला आला. त्या म्हणाल्या पुन्हा घेऊ. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मॅडम, मी कापून टाकतो.” त्यानं कापला नाही. रेकॉर्डिंग मोबाइलवरून पोरांना गेलं.

त्यानंतर बाईंना हॉलमध्ये फारसं शिकवावं लागलं नाही. पोरं कानात इअरफोन घालून उपजा पाठ करत. दर रविवारी टेस्ट. ‘खालीलपैकी कोणती उपज उत्स्फूर्त आहे?’ आणि चार पर्याय. चुकलं की गुण वजा. निकाल दाराबाहेर लागे आणि पोरं आपापली रँक शोधत. वरणाची चाल, गजराची चाल ‘अभ्यासक्रमाबाहेर’ गेली. राजकन्येनं एकदा विचारलं, “मॅडम, आपण परत ते घर-घर कधी खेळणार?” बाई म्हणाल्या, “टेस्ट सिरीज संपू दे, मग बघू.”

पालकसभेत एक गृहस्थ उठून उभे राहिले. “माझ्या पोराला गणितात अठ्ठ्याण्णव आणि उत्स्फूर्ततेत बहात्तर. बाकीचे अठ्ठावीस गेले कुठं?”

पहिल्या रविवारच्या सत्यशीलाबाई यावर हसल्या असत्या. या सत्यशीलाबाईंनी पेपर मागवला, तपासला आणि गंभीरपणे सांगितलं, “त्याची उपज क्रमांक बारा कच्ची आहे. रोज सकाळी करून घ्या.” गृहस्थांनी ते लिहून घेतलं. बाई खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांना क्षणभर कसंसंच झालं, पण तोवर पुढचे पालक उठले होते.

डिसेंबरात नांदेडला बालसंगीताची विभागीय स्पर्धा ठरली. विषय, ‘उत्स्फूर्त वादन’. एका प्रतिष्ठाननं ती भरवली होती आणि मुख्य प्रायोजक होती शिखरवेध अकॅडमी. नियम सोपा होता. स्टेजवर हार्मोनियम ठेवलेली, पोरानं यायचं, तिथल्या तिथं सुचेल ते दोन-तीन मिनिटं वाजवायचं. परीक्षक होते माधवबुवा उमरीकर. बुवांनी तीस वर्षं कॉलेजात संगीत शिकवलं होतं आणि त्याहून अधिक वर्षं स्वतःच्या गुरूंच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

मंगल कार्यालय भरलं. होळकुंदे सर पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीत. त्यांच्या शेजारी सत्यशीलाबाई, निळ्या साडीत. नांदेडच्या संगीताच्या झाडून सगळ्या मंडळींनी आज त्यांना वळून वळून पाहिलं होतं, आणि त्यांची मान त्यामुळं जराशी ताठ झाली होती.

अकॅडमीचा पहिला मुलगा आला, तोच चष्मेवाला. नमस्कार केला, डोळे मिटले, सुचण्यासाठी थोडं थांबला आणि वाजवू लागला. उपज क्रमांक सात. स्वच्छ, बिनचूक. बाईंचा ऊर भरून आला. तिसरी ओळ संपली, पोरानं हात उचलला, आणि तो दोनदा खोकला. खुक्, खुक्. मग चौथी ओळ.

“थंडी पडलीये,” मागून एक बाई म्हणाली.

दुसरी मुलगी आली. तिलाही सातच सुचली. तिसऱ्या ओळीनंतर तीही खोकली. खुक्, खुक्. कुणीतरी तिला पाण्याची बाटली नेऊन दिली. तिसरा मुलगा खोकला तेव्हा संयोजकांनी खिडक्या लावून घेतल्या. चौथा खोकला तेव्हा प्रेक्षकांतली एक आजी नातवाला घेऊन उठून गेली, साथ आली असणार म्हणून. सत्यशीलाबाईंना तोवर सगळं कळलं होतं. पाचव्यानं हात उचलला तसा त्यांनी डोळे मिटून घेतले. खुक्, खुक्. तो त्यांचाच खोकला होता. पोरांनी त्याची लय, त्याचा चढ-उतार, सगळं उचललं होतं. दुसऱ्या खोकल्याच्या शेवटी त्यांचा आवाज जरा चिरकला होता, तेसुद्धा.

“सर,” त्या कुजबुजल्या, “सगळ्यांना सातच का दिली?”

“सातचा सक्सेस रेट सगळ्यात जास्तीय, मॅडम,” होळकुंदे सर स्टेजवरून नजर न काढता म्हणाले.

अकरावा मुलगा खोकून गेला. मग राजकन्येचं नाव पुकारलं.

ती हार्मोनियमपुढं बसली आणि तिला काहीच आठवेना. सात नाही, बारा नाही, काही नाही. पहिल्या रांगेतून सर बोटांनी सात दाखवत होते. तिनं एक काळी पट्टी दाबली, मग दुसरी. ही पेटी होती, क्लासमधला कॅसिओ नव्हे, आणि पेटीवर चिकटपट्टी नव्हती. तिचं बोट घसरलं आणि पांढरीवर पडलं.

एक वेगळाच सूर हॉलमध्ये उमटला. पोरगी दचकली. तिनं बोट उचललं, पेटीकडं बघितलं, आणि मुद्दाम परत तीच पांढरी दाबली. मग काळ्यांवरून धावत येऊन त्याच सुरापाशी थांबली, त्याला टेकून उभी राहिली, पुढं जाते म्हणाली आणि गेली नाही. परत आली. होस्टेलच्या खिडकीत कोपर टेकून पोरी उभ्या राहतात तसं काहीसं ते होतं. जायचं तर आहे, पण दार बाहेरून लावलेलं. शेवटी ती काळी तीनवर आलीच नाही. मध्येच कुठंतरी तिनं हात काढून घेतला, ओढणी सावरली आणि नमस्कार करायचंही विसरून खाली उतरली.

त्या क्षणी सत्यशीलाबाईंच्या मनात काय आलं, ते सांगायला हवं. त्यांच्या मनात आलं, पांढरीला हात लावला! इतकं सांगून लावला. भूपात मध्यम घेतला या मुलीनं, आणि माझं नाव आहे हिच्यामागं. त्यांचा राग खरा होता. तो ओसरला तेव्हा, एवढं वाजून झाल्यावर, त्यांना ते ऐकू येऊ लागलं.

निकालाच्या भाषणात माधवबुवा म्हणाले, “आज मला माझ्या गुरूंची आठवण झाली. आजकाल मुलांना थांबायचं कुठं ते कळत नाही. पण लातूरच्या या मुलांनी तिसऱ्या ओळीनंतर जो ठेहराव घेतला, आणि त्या ठेहरावात जो खोकला योजला, तो आमच्या घराण्याचा आहे. आमच्या गुरूंना दमा होता. त्यांची गायकी त्या खोकल्यासकट आमच्यात आली. ही तपश्चर्या आहे!” टाळ्यांचा कडकडाट झाला. अकराही जणांना पहिलं बक्षीस विभागून मिळालं. “एका मुलीनं मात्र,” बुवा बसता बसता म्हणाले, “राग भ्रष्ट केला. तिला कुणी नियम सांगितलेले दिसत नाहीत.”

राजकन्या मागच्या व्हरांड्यात चपला शोधत होती. बाई तिच्याजवळ गेल्या.

“मॅडम, मी चुकले का?”

“मध्यम भूपात येत नाही,” बाईंच्या तोंडून निघून गेलं. पोरीची मान खाली गेली. बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्या घाईघाईनं म्हणाल्या, “तसं नाही गं. छान होतं ते. लई छान होतं. परत गुणगुणून दाखव बरं.”

राजकन्येनं प्रयत्न केला. दोन सूर लागले, मग भलतीकडंच गेली. “न्हाई येत, मॅडम. ते तवाच आलं होतं.” मग तिनं सवयीनं विचारलं, “मी पाठ करून ठेवायला पाहिजे होतं का?”

बाईंनी आजूबाजूला चौकशी केली, कुणी मोबाइलवर घेतलंय का. सगळ्यांनी घेतलं होतं, आपापल्या पोराचं. घरी जाऊन बाईंनी पेटी काढली, काळ्या दाबल्या, पांढरी दाबली. मध्यम तर सापडला. ती पोरगी त्याच्यापाशी कशी थांबली होती ते काही केल्या सापडलं नाही. देविदासनं दोनदा जेवायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लातूरला फोन लावला. रात्रभर मनात जुळवलेलं भाषण एका दमात म्हणून टाकलं. हे शिक्षण नाही, ही फसवणूक आहे, मी राजीनामा देते, माझं नाव काढून टाका.

“बरं, मॅडम,” होळकुंदे सर म्हणाले.

बाई भांडणाच्या तयारीनं उभ्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या.

“रेकॉर्डिंग आपल्याकडं हायेच,” सर म्हणाले. “तुमी आलात तर सोन्याहून पिवळं. न्हाई आलात तरी क्लास चालू. नांदेडला ब्रँच काढायलो पुढच्या महिन्यात. आणि एक विचारायचं होतं, तो खोकला घ्यायचा की न्हाई? पालक म्हणतेत, परीक्षकांना आवडला तर वेगळी बॅच काढा.”

“राजकन्येचं काय?”

“कोण? हां, ती. तिच्या वडलांना बोलावलं होतं. ते म्हणले, पोरीला सर्जनशीलता झेपंना, निव्वळ बायोलॉजी करू द्या. समजूतदार माणूस.”

बाईंनी इस्लापूरचा नंबर मिळवून त्या वडलांनाही फोन केला. तुमच्या मुलीत काही विशेष आहे, असं सांगितलं. ते आदरानं म्हणाले, “तुमच्या आशीर्वादानं डॉक्टर झाली म्हंजे मिळवली, मॅडम. तवर पेटी नको.” मग त्यांनी बाईंना सहस्रकुंडचा धबधबा बघायला सहकुटुंब यायचं आमंत्रण दिलं.

महिन्याभरात नांदेडच्या चौकात फ्लेक्स लागला. ‘उत्स्फूर्ततेची १०० टक्के हमी! अकरा प्रथम क्रमांक!’ अकरा पोरांचे फोटो, वर होळकुंदे सर, आणि उजव्या कोपऱ्यात सत्यशीलाबाई, निळ्या साडीतल्या. त्यांनी अकॅडमीला दोनदा फोन केला. फोन उचलणारी पोरगी गोड बोलली, “सरांच्या कानावर घालते,” म्हणाली. फ्लेक्स तसाच राहिला. मुख्याध्यापकांनी तो पाहिला आणि पहिल्यांदाच बाईंना खुर्ची दिली. अध्यक्षांच्या वाढदिवसाला खोकल्याचं स्वागतगीत बसवता येईल का, असंही विचारून घेतलं.

एका संध्याकाळी बाई गल्लीतल्या जाहिदाभाभींच्या दुकानात पिकोला दिलेली साडी आणायला गेल्या. जाहिदाभाभींनी मशीन थांबवलं.

“ताई, चौकात तुमचा फोटो बघितला! एवढ्या मोठ्या झालात आणि सांगितलं बी न्हाई. आमच्या लायबाला टाकावं म्हणते तिथं.”

“नका टाकू, भाभी.”

“का बरं?”

“तिथं काही शिकवत नाहीत. नुसतं पाठ करून घेतात.”

“मग शाळेत काय करून राहिलेत?” जाहिदाभाभी हसल्या. “आणि एवढं वाईट हाय तर तुमचा फोटो कशाला लावला?”

बाईंनी सगळं सांगायचा प्रयत्न केला. चिकटपट्टी, नोट्स, खोकला. सांगताना त्यांच्या लक्षात येत होतं की यातल्या एकाही गोष्टीला आपण त्या वेळी नाही म्हटलेलं नाही. जाहिदाभाभी दोरा ओवत शांतपणे ऐकत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, “तुम्ही लायबाला माझ्याकडं पाठवा. रविवारी मोकळीच असते. मी शिकवते, फुकट.”

“फुकट?” जाहिदाभाभींचा चेहरा जरा पडला. “सर्टिफिकेट भेटतं का?”

“नाही.”

“परीक्षा?”

“नाही.”

“नंबर-बिंबर?”

“त्यात नंबर येत नाही हो भाभी. तिला वाटेल ते वाजवायचं.”

“वाटेल ते तर ती घरी बी करते दिवसभर. त्याच्यावर तर मी मारते तिला.” जाहिदाभाभींनी साडीची घडी घातली, पिशवीत भरली आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “तुमी मनाला लावून घेऊ नका. मोठ्या ठिकाणी थोडं इकडं तिकडं होतंच. तिथं बी तुमीच हाय की, फोटोत. म्हंजे घरचंच झालं.” मग जरा पुढं वाकून त्यांनी आवाज उतरवला. “एक काम करा फक्त. तुमचं नाव सांगितलं तर पोरीला पुढच्या बाकावर बसवतील का?”

सत्यशीलाबाईंनी पिशवी घेतली.

“सांगून बघा,” त्या म्हणाल्या.